कष्टाचा हिस्सा : न्यायमूर्ती बोरा लास्किन यांची गोष्ट

गटाच्या बैठकीत बसून ऐकणाऱ्या, चुलीपुढे बसून ऐकणाऱ्या आणि खुरपताना मोबाइल ओच्यात ठेवून ऐकणाऱ्या, अशा सगळ्याजणींना नमस्कार.

मागे एकदा आम्ही काही गटांच्या माहितीचे फॉर्म भरत होतो. नाव, गाव, वय लिहून झालं की ‘व्यवसाय’ असा रकाना येतो. मी एका ताईंना विचारलं, “काय लिहू?” त्या म्हणाल्या, “काही नाही, घरीच असते.” तेव्हा त्यांच्या हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. पहाटे दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून त्या आल्या होत्या आणि बैठक संपल्यावर निंदायला जाणार होत्या. तरी उत्तर हेच, “काही नाही.” शेजारची दुसरी बाई म्हणाली, “अहो, हे सगळ्याच करतात. त्यात काय विशेष?”

हे ‘त्यात काय विशेष’ ऐकलं आणि मला एक खटला आठवला. तो आपल्याकडचा नाही, फार लांबचा, कॅनडातला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात एका शेतकरी बाईला जवळजवळ हेच ऐकावं लागलं होतं, की तू केलंस ते काम तर कुठलीही शेतकऱ्याची बायको करते. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी ते मान्य केलं. एकानं मात्र मान्य केलं नाही. त्या एकाचं नाव बोरा लास्किन. आज त्यांच्याबद्दल आणि त्या बाईबद्दल बोलू या.

लास्किन यांचा जन्म १९१२ सालचा. गाव फोर्ट विल्यम, लेक सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठचं. आईवडील रशियातून पोटासाठी आलेले ज्यू. वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं. मुलगा हुशार निघाला. टोरांटो विद्यापीठात शिकला, वकिलीच्या शाळेत शिकला आणि पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातून १९३७ साली कायद्याची वरची पदवी घेऊन आला.

आपल्याला वाटेल, एवढं शिकल्यावर नोकरीला काय तोटा? पण त्या काळी टोरांटोतल्या मोठ्या वकिली कंपन्या ज्यू माणसाला दारात उभं करत नसत. कुठे तशी पाटी लावलेली नव्हती. जागा नाही, एवढंच सांगायचे. मग या हार्वर्डच्या पदवीधरानं काय केलं? कायद्याची पुस्तकं छापणाऱ्यांसाठी तो न्यायालयांच्या निकालांचे सारांश लिहून देऊ लागला. एका सारांशाला ठरावीक पैसे. आपल्याकडे नगावर विड्या वळतात, नगावर गोधड्या शिवतात, तसंच ते काम.

पण त्या कामाचा एक फायदा झाला असावा, असं मला वाटतं. शेकडो निकाल वाचले की माणसाला कळतं, कायद्याचे शब्द एक असतात आणि त्या शब्दांखाली माणसं दुसरीच असतात.

१९४० साली त्यांना टोरांटो विद्यापीठात कायदा शिकवण्याची नोकरी मिळाली. तिथून पुढे पंचवीस वर्षं ते मास्तरच होते. मध्ये काही वर्षं ऑस्गुड हॉल या वकील संघटनेच्या शाळेत त्यांनी शिकवलं. तिथे एक भांडण झालं. संघटनेतल्या जुन्या वकिलांचं म्हणणं होतं की पोरांनी वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करावी, शिक्षण जोडीला थोडं असलं की पुरे. लास्किन आणि त्यांचे सहकारी म्हणत, कायदा नीट शिकवला पाहिजे, त्यामागचं कारण शिकवलं पाहिजे. १९४९ साली सेसिल राइट, जॉन विलिस आणि लास्किन या तिघांनी राजीनामे दिले आणि टोरांटो विद्यापीठात नव्यानं कायद्याचं शिक्षण उभं केलं. त्यांच्या विद्यार्थ्यांना बरोबरीची मान्यता मिळायला १९५७ साल उजाडलं. तोवर त्या मुलांना वकील व्हायला जास्त वेळ घालवावा लागे. तरी ती शाळा टिकली.

याच काळात लास्किन कामगार आणि मालक यांच्या तंट्यांत लवाद म्हणून बसत. म्हणजे दोघांनी ठरवलेला मधला माणूस. रजा, पगार, कामावरून काढणं, अशी भांडणं त्यांच्यापुढे येत. काम कोण करतं आणि मोबदला कोणाला मिळतो, हे त्यांनी पुस्तकाबाहेरही पाहिलं होतं. ज्यू समाजाच्या संस्थेबरोबर भेदभावाविरुद्धच्या कायद्यांसाठीही त्यांनी काम केलं. १९५८ साली विनिपेगच्या एका कॉलेजानं एका प्राध्यापकाला त्याच्या खासगी पत्रावरून काढलं, तेव्हा प्राध्यापकांच्या संघटनेनं चौकशीला ज्या दोघांना पाठवलं त्यात लास्किन होते.

१९६५ साली ते ऑन्टारिओ प्रांताच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९७० साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे पोचलेले ते पहिले ज्यू न्यायाधीश. ज्या शहरातल्या कंपन्यांनी एकेकाळी नोकरी दिली नाही, तिथले वकील आता त्यांच्यापुढे उभे राहून ‘माय लॉर्ड’ म्हणू लागले.

आता त्या बाईकडे येऊ. तिचं नाव आयरीन मर्डोक. अल्बर्टा प्रांतातली. तिकडे मोठमोठे गुरांचे मळे असतात, त्यांना रँच म्हणतात. आयरीनचं लग्न १९४३ साली झालं. सुरुवातीला नवराबायको दोघं दुसऱ्यांच्या रँचवर राबायचे. हळूहळू पैसे साठवून जमीन घेतली, ती विकून दुसरी घेतली, गुरं वाढवली. पंचवीस वर्षांत चांगली मोठी मालमत्ता उभी राहिली. कागदावर नाव नवऱ्याचं.

आयरीननं कोर्टात सांगितलं ते तिचं काम ऐका. गवत कापायचं, ओढून ढीग करायचे. ट्रक चालवायचा, ट्रॅक्टर चालवायचा, घोडे जुंपायचे. बिथरलेल्या घोड्यांना शांत करायचं. गुरं चराईच्या रानात हाकत न्यायची आणि परत आणायची. शिंगं काढायची, लस टोचायची, गुरांना डाग द्यायचे. पुरुषासारखंच बाहेरचं सगळं काम ती करायची. आणि नवरा? तो वर्षातले पाच महिने दुसरीकडे नोकरीला असायचा. त्या पाच महिन्यांत रँच कोण चालवत होतं, ते तुम्हाला सांगायला नको. घरचं स्वयंपाकपाणी आणि मुलाचं संगोपन यात धरलेलंच नाही.

१९६८ साली दोघांचं फाटलं. भांडणात तिचा जबडा मोडला. ती घराबाहेर पडली आणि कोर्टात गेली. तिचं मागणं साधं होतं. ही मालमत्ता आम्ही दोघांनी मिळून उभी केली, मला माझा हिस्सा द्या.

खालच्या कोर्टानं पोटगी दिली, महिन्याला २०० डॉलर. जमिनीत हिस्सा दिला नाही. कारण काय, तर तिनं जे केलं ते कुठल्याही रँचवाल्याची बायको करतेच. प्रकरण वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २ ऑक्टोबर १९७३ रोजी निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायाधीश म्हणाले, खालच्या कोर्टाचं बरोबर आहे. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मार्टलँड यांनी लिहिला.

मैत्रिणींनो, ते चौघे दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी तेव्हाचा कायदा जसा होता तसा वाचला. तो कायदा म्हणायचा, ज्याचं नाव त्याची जमीन. बायकोला हिस्सा हवा असेल तर तिनं खरेदीत स्वतःचे पैसे घातल्याचं दाखवावं किंवा दोघांची तशी कबुली होती हे दाखवावं. पैशाला पावती असते. घामाला पावती नसते. आयरीनकडे घामच होता.

पाचवे न्यायाधीश लास्किन. त्यांनी आपला वेगळा निकाल लिहिला. कोर्टात जेव्हा एखादा न्यायाधीश बहुमताशी सहमत नसतो, तेव्हा तो आपलं मत कारणांसह लिहून ठेवतो. त्याला भिन्नमताचा निकाल म्हणतात. त्यानं त्या दिवशी कोणाला काही मिळत नाही. पण ते कागदावर राहतं.

लास्किन यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. या बाईनं केलेले कष्ट नेहमीच्या घरकामाच्या कितीतरी पलीकडचे आहेत. त्या कष्टांतून मालमत्ता वाढली आणि ती सगळी एकट्या नवऱ्याच्या पदरात पडली, तर तो अन्यायानं श्रीमंत झाला. अशा वेळी कोर्टानं असं मानावं की कागदावर नाव त्याचं असलं तरी तो ती मालमत्ता दोघांसाठी सांभाळतो आहे. तो तिचा विश्वस्त आहे.

हा विश्वस्ताचा मुद्दा अवघड वाटला तर आपल्या बचत गटाकडे बघा. बँकेत सह्या अध्यक्ष आणि सचिव यांच्या चालतात. पण म्हणून ते पैसे त्या दोघींचे होतात का? उद्या अध्यक्षताई म्हणाल्या, “पासबुकावर सही माझी, पैसे माझे,” तर तुम्ही ऐकून घ्याल का? नाही घेणार. कारण दर महिन्याला शंभर-शंभर रुपये सगळ्याजणींनी घातलेत. सही त्यांची, पैसा सगळ्यांचा. लास्किन यांनी हेच नवराबायकोच्या जमिनीला लावलं. फरक एवढाच, की आयरीननं शंभराची नोट घातली नव्हती, पंचवीस वर्षं घातली होती.

निकाल बाहेर आला आणि कॅनडातल्या बायका खवळल्या. शहरातल्या शिकलेल्या बायका तर होत्याच, पण शेतावरच्या बायकाही होत्या. ज्यांनी आजवर विचार केला नव्हता त्या विचारू लागल्या, “म्हणजे उद्या माझ्यावर वेळ आली तर मलाही असंच सांगणार?” सभा झाल्या, सरकारला निवेदनं गेली. आयरीन खटला हरली, पण तिचं नाव घराघरात पोचलं.

इकडे एक वेगळीच गोष्ट घडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरन्यायाधीशाची जागा रिकामी झाली. रिवाजाप्रमाणे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश त्या जागी जायचे आणि ते होते मार्टलँड, आयरीनच्या विरोधात निकाल लिहिणारे. पण पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी रिवाज बाजूला ठेवून लास्किन यांना सरन्यायाधीश केलं. निकालानंतर तीन महिनेही झाले नव्हते. नेमणूक या खटल्यामुळे झाली असं नाही, पण भिन्नमत लिहिणारा माणूस आता कोर्टाच्या मधल्या खुर्चीवर बसला.

तिथे बसूनही ते अनेकदा एकटे किंवा थोड्यांत राहिले. दोन उदाहरणं सांगते. पहिलं १९७३ सालचंच, ते सरन्यायाधीश होण्याआधीचं. कॅनडाच्या मूळ रहिवाशांसाठी जो कायदा होता, त्यात अशी तरतूद होती की त्यांच्यातल्या बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिची नोंद रद्द होते, वस्तीतले हक्क जातात. पुरुषानं बाहेरची बायको केली तर त्याचं काही जात नाही, उलट बायकोला हक्क मिळतात. जीनेट लावेल आणि यव्होन बेदार या दोघी याविरुद्ध लढल्या. पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. त्या चारांत लास्किन होते. दुसरं उदाहरण विनिपेगच्या सोफी कार्सवेल यांचं. त्या बाजार-संकुलातल्या एका दुकानात कामाला होत्या. संप चालू असताना आपल्याच दुकानासमोरच्या वाटेवर फलक घेऊन शांतपणे उभ्या राहिल्या, म्हणून परक्याच्या जागेत घुसल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयात बहुमतानं ती कायम ठेवली. लास्किन यांचं मत वेगळं पडलं. ज्या वाटेवर रोज हजारो गिऱ्हाइकं बिनविचारता चालतात, तिथे कामगारानं आपलं म्हणणं मांडायला उभं राहणं हा गुन्हा कसा?

ही दोन्ही प्रकरणं त्या त्या दिवशी हरली. पण पहिल्यातला कायदा संसदेनं १९८५ साली बदलला आणि दुसऱ्यातला मॅनिटोबा प्रांतानं बदलला.

आणि आयरीनच्या प्रश्नाचं काय झालं? १९७८ साली सास्काचेवान प्रांतातल्या रॅथवेल नावाच्या शेतकरी जोडप्याचं प्रकरण आलं आणि या वेळी बायकोला हिस्सा मिळाला. त्याच सुमाराला ऑन्टारिओ, अल्बर्टा आणि इतर प्रांतांनी नवे कायदे केले. लग्न मोडलं तर संसारात उभी राहिलेली मालमत्ता वाटताना घरकाम आणि शेतकामही मोजायचं, हे त्यांत आलं. मग १९८० साली रोझा बेकर यांचा खटला आला. त्या आणि त्यांचे जोडीदार मधमाश्या पाळायचे. जवळजवळ एकोणीस वर्षं एकत्र राबले, लग्न मात्र केलेलं नव्हतं. म्हणजे लग्नाच्या कायद्याचा आधारही नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की निम्मा हिस्सा तिचा. निकाल न्यायमूर्ती डिक्सन यांनी लिहिला, लास्किन त्यांच्या बाजूनं होते आणि आधार तोच होता, अन्यायानं झालेली श्रीमंती आणि विश्वस्ताचं नातं. सात वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिलेलं मत आता देशाचा कायदा झालं होतं.

इथे गोष्ट थांबवली तर ऐकायला गोड वाटेल. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? रोझा बेकर निकाल जिंकल्या, पण पैसे हातात यायला झगडतच राहिल्या. पैसे वसूल होईनात, जे आले ते वकिलांच्या खर्चात गेले. १९८६ साली थकून त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. देशभर नाव झालेला निकाल त्यांच्या नावाचा, पण पदरात काही पडलं नाही. आयरीन मर्डोक यांना पुढे घटस्फोटाच्या वेगळ्या प्रकरणात ६५,००० डॉलर एकरकमी मिळाले. तेही पोटगी म्हणूनच. जमिनीची मालकीण म्हणून नाही.

लास्किन १९८४ साली, सरन्यायाधीश पदावर असतानाच वारले. वय ७१.

या सगळ्यातून मी माझ्यापुरतं काय घेतलं ते सांगते. पहिलं म्हणजे, एकट्यानं मांडलेलं मत वाया जात नाही, पण ते लिहून ठेवावं लागतं. लास्किन नुसते मान हलवून गप्प बसले असते तर सात वर्षांनी डिक्सन यांच्या हाताशी काय असतं? गटाच्या बैठकीत दहाजणी हो म्हणाल्या आणि तुम्हाला पटलं नाही, तर इतिवृत्तात तेवढं लिहायला सांगा. भांडण करू नका, फक्त लिहायला सांगा.

दुसरं, कायदा चांगला झाला तरी वेळ येण्याआधीचा कागद हा वेळ आल्यानंतरच्या निकालापेक्षा स्वस्त असतो. आयरीनला पंचवीस वर्षांनंतर सिद्ध करावं लागलं. रोझाला जिंकूनही मिळालं नाही. आपल्या महाराष्ट्रात १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे केला. कोणी कोर्टात गेलं नव्हतं. चावडीवर बसून झालं ते. ज्या घरांत झालं त्या घरांतल्या म्हाताऱ्या आज सातबारा काढून दाखवतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आपल्या घराचा नमुना आठ आणि शेताचा सातबारा काढून बघा. कोणाकोणाची नावं आहेत ते वाचा, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आपलं नाव नसेल तर ते लागण्यासाठी काय करावं लागतं ते तलाठ्याला विचारा आणि मग घरी शांतपणे विषय काढा. भांडणाच्या दिवशी काढू नका, पेरणी नीट झाल्याच्या दिवशी काढा. नवी म्हैस घ्याल, शेळ्या घ्याल, तर खरेदीची पावती दोघांच्या नावानं करा.

आणि पुढच्या वेळी कोणी फॉर्म भरताना व्यवसाय विचारला, तर ‘काही नाही’ म्हणू नका. त्या ताईंच्या फॉर्मवर मी शेवटी विचारून विचारून लिहिलं, ‘शेती आणि दुग्धव्यवसाय’. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “हे खरंच माझं नाव आहे ना वर?”

हो ताई, तुमचंच आहे.

नमस्कार. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.